मुक्तासाठी लूमची सीडी

मुक्ता जन्मली कतारगामला, सासरच्या घरी. तिथे भिंतीपलीकडे मोठ्या दिरांचे कापड विणायचे लूम दिवसभर खडखडत. पर्वत पाटियाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि तिने झोपणंच सोडलं. इतकी शांतता तिने माझ्या पोटातही ऐकली नव्हती. ती झोपली नाही की मी झोपत नाही, आणि मी झोपले नाही की वरणात मिठाऐवजी साखर पडते. शेजारच्या गुजराती भाभींनी तर त्याची कृती मागितली.

"वहिनी, लूमच इथे आणू," धाकटा दीर वाल्मिक म्हणाला. कॅसेट संपते, सीडी मात्र प्लेयरवर पुन्हा पुन्हा फिरवता येते, हा त्याचा मुद्दा. त्याने कॉम्प्युटरात लिनक्स नावाचं काहीतरी घातलं होतं. फुकट, आणि आतलं सगळं उघडं, कोणीही बघावं, बदलावं. आमच्या मोरीला तरी दार आहे.

टेपरेकॉर्डर घेऊन तो कतारगामला गेला आणि लूमचा आवाज भरून आला. त्यात मध्येच सासूबाई: "वाल्मिक, काय करी ऱ्हायना? लूमले गाणं येस का रे?"

"एवढं काप ना," मी म्हटलं.

"आईला कापायचा प्रोग्राम अजून कोणी लिहिला नाही, वहिनी."

सीडी राइट करायच्या दिवशी सासूबाई नातीला बघायला आल्या होत्या. मध्ये अडथळा आला तर सीडी वाया, म्हणून सगळे सत्यनारायणाला बसल्यासारखे गप्प. मुक्ता तेवढी रडत होती. शेवटी सीडी बाहेर आली, भाकरीसारखी कोमट. वाल्मिक प्लेयरची वायर लावायला वळला, तेवढ्यात सासूबाईंनी ओल्या कुंकवाचं बोट फिरवून सीडीवर स्वस्तिक काढलं. नवी वस्तू ना. पण चकचकीत बाजूला.

"आई, तिकडूनच वाजते ती."

"तोंड दिसस तीच पुढली बाजू. पाठवर कुंकू कोन लावस?"

देवाचं कुंकू पुसणार कोण? तशीच लावली.

लूम खडखडू लागले. मुक्ता टक्क डोळ्यांनी छताकडे बघत राहिली. झोप नाहीच. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात सीडी कुंकवापाशी पोचली आणि अडकली: "गाणं येस का रे... गाणं येस का रे... गाणं येस का रे..."

माझ्या बाळाने अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"पोर लूमवर नही, आजीवर गई," म्हणत सासूबाई ओचा सावरून कतारगामला निघाल्या.

वाल्मिक रोज विचारतो, "दुसरी, स्वच्छ करून देऊ?" मी त्याला सीडीजवळ फिरकू देत नाही. दुपारी मुक्ताला कुशीत घेते आणि बटण दाबते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी मनापासून म्हणते, बोला, सासूबाई, बोलत राहा.