हरिबाला बाजूला सरकवणारा एडका

मित्रांनो, मी आता म्हातारा झालेला एक एडका आहे. मेढा गावाच्या बाजूला बिराप्पा धनगराच्या कळपात माझा जन्म झाला. लहानपणीच मी त्याच्या बायकोला तीनदा पाडले. तेव्हा "गुणी हाय, पर दुसऱ्याच्या दारात जादा शोभंल," असे म्हणून त्याने मला शेजारच्या गावातल्या मनुबाईला देऊन टाकले.

तिथे मी टकरीत नाव काढले. जत्रेत लोक माझ्या शिंगांना गुलाल लावत, हरभरे चारत. विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. कपाळ जाड असले की सहसा येत नाही.

त्रेचाळीस साली मनुबाईचा लेक हरिबा पलटणीतून रजेवर आला. त्याचा एक डोळा सुजलेला होता. तालमीतला पैलवान म्हणून पलटणीने त्याला बॉक्सिंगमध्ये घेतले होते, आणि तो लागोपाठ दोनदा हरला होता.

"आये, आनी एकदा हरलो तर लंगरात बटाटं सोलाय बसवत्यात."

"आन् मी गावभर सांगून बसले, लेक गोऱ्या सायबाला बुक्क्या मारतोय म्हणून!"

"बुक्क्या त्येच मारत्यात. तालमीत वस्ताद म्हणायचा, पाय रोव. रोवून उभा ऱ्हायलो की समोरच्याला लय सोपं जातंय. पलटणीतला शिकवणारा म्हणतो, बाजूला सरक."

"मग सरक की!"

सरकायला समोरून कोणीतरी यायला हवे. ते काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी हरिबा मुठी वर करून उभा राहिला. मी गेलो. तो आडवा झाला. दुसऱ्या दिवशी तो सरकला, पण पायात पाय अडकून पडला. पडलेल्या माणसालाही मी सोडले नाही. आठ दिवस गाव कुंपणाबाहेर जमून माझे कौतुक करत होते. असे सुख पुन्हा मिळाले नाही.

नवव्या दिवशी मनुबाई भाताची लावणी करून चिखलाच्या पायांनी आली आणि घटकाभर बघत राहिली.

"आरं मुडद्या, फुगडी घालतोस का काय? चिखलात आमी पायात पाय घालतो व्हय? जिकडं जायाचं तिकडचा पाय आदी. दुसरा त्याच्या मागनं, पर चिकटवायचा न्हाई. आन् टाच उचल. टाच रुतली की माणूस रुतला!"

पदर खोचून तिने स्वतः करून दाखवले. तिच्यावर मी धावून गेलो नाही. हरभरे तिच्याकडे असत.

"ह्येच तर त्यो शिकवणारा इंग्रजीत वरडायचा!" हरिबा म्हणाला.

मी मुसंडी मारली. हरिबाचा डावा पाय डावीकडे गेला, उजवा त्याच्यामागून, आणि मी थेट उकिरड्यात. मान वर काढतो तो हरिबा माझ्या बाजूला उभा. त्याने माझ्या बरगडीवर हलकेच एक बुक्की टेकवली. त्यानंतर रजा संपेपर्यंत तो मला एकदाही सापडला नाही. गाव त्याचे कौतुक करू लागले. माझ्याविषयी एवढेच म्हणत, "एडक्याला उकिरडा मानवला."

दिवाळीच्या सुमारास पत्र आले. शाळेच्या गुरुजींनी ते ओट्यावर वाचले. "आये, जिंकलो. लंगर टळला. समोरचा गडी लय दांडगा, पर सरळच येत हुता. मला वाटलं आपला एडकाच हाय. त्याला मूठभर हरभरं जादा घाल."

मनुबाईने दोन मुठी घातल्या, आणि डोळे पुसायला गुरुजींचेच उपरणे घेतले.

मित्रांनो, आता माझे गुडघे कुरकुरतात. मला पाहून पाहुण्यांना रस्सा आठवतो. तेव्हा मनुबाई त्यांना सांगते, "आवं, त्यो वस्ताद हाय आमच्या हरिबाचा." मार देऊन शिकवणारे पुष्कळ असतात, मार चुकवायला शिकवणारा क्वचित मिळतो. त्याला म्हातारपणी जपा. हरभरे घेऊन याल तर मात्र समोरून येऊ नका.