लाल पोटांची मोजणी

मत्स्यालयातल्या पिरान्हांच्या टाकीत बारा मासे होते, आणि गेले तीन दिवस तिला दहाच मोजता येत होते.

मोजायची पद्धत तिचीच. सकाळी दरवाजे उघडण्याआधी चिमट्यात खाऊचा तुकडा धरून काचेजवळ सोडायचा. अख्खा थवा लालभडक पोटं घेऊन पुढे येतो, तेवढ्यात मोजून घ्यायचं. आठ वर्षांत ती कधी चुकली नव्हती.

"खाल्लं असेल एकमेकांना," साहेब म्हणाले.

"वीतभर मासा असतो, साहेब. खाल्ला तरी जबडा उरतो, दात उरतात. गाळणी मी स्वतः उघडून बघितली."

"मग काय, पाय फुटले त्यांना? संध्याकाळपर्यंत मला नाव हवं. ज्याचं असेल तो उद्यापासून घरी."

नाव तिच्या ओठांवरच होतं. टाकीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती, तिच्या धाकट्या दिराकडे. चार महिन्यांपूर्वी तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. आणि हल्ली त्याचं वागणं तिला खटकत होतं. टाकीच्या एका बाजूला त्याने काळं कापड टांगलं होतं. झाकलेली बादली घेऊन तो ये-जा करायचा. परवा तिने जाळी उचलली, तर घाईघाईने म्हणाला, "राहू द्या वहिनी, मी बघतो."

आज तिने त्याला टाकीपाशीच गाठलं.

"भाऊजी, बादलीत काय असतं?"

"पाणी."

"झाकून?"

"गार पाणी दिसलं तर तुम्ही ओरडाल म्हणून. रोज टाकीतलं थोडं काढून तेवढं गार घालतो. त्यांना मानवतं."

"आणि हे कापड?"

"येणारेजाणारे काच बडवतात. हे भित्रे आहेत, तुम्हीच सांगितलंत ना? थवा करतात तो शिकारीला नाही, जीव वाचवायला. मग लपायला एक कोपरा नको?"

"दोन मासे कुठे आहेत?"

"अच्छा, म्हणजे चोर मी. घरी चला, दादासमोर मोरीपासून माळ्यापर्यंत सगळं तपासा."

झाकलंय तिथेच काहीतरी असणार, असं मनाशी म्हणत तिने कापड वर केलं आणि चिमटा त्या कोपऱ्यातल्या पाणवनस्पतींत घातला.

चिमट्याला हिसका बसला. काळपट काहीतरी त्याच्यावर तुटून पडलं होतं, आणि एक घोगरी थरथर तिच्या मनगटापर्यंत आली. तिने डोळे बारीक केले. पिरान्हाच होता, पण पोटावर लाल रंगाचा मागमूस नव्हता. पार कोळशासारखा झाला होता. त्याच्यामागे तसाच दुसरा. आणि दोघांच्या खाली, पानांना चिकटलेले, रव्यापेक्षा थोडे मोठे सोनेरी दाणे. शेकडो.

अंडी. विणीच्या काळात जोडी काळवंडते, थवा सोडते, घरट्यापासून हलत नाही, खाऊसाठीसुद्धा नाही. हे तिने कितीदा वाचलं होतं. आठ वर्षांत या टाकीत तसं कधी घडलं नव्हतं, एवढंच. गार पाणी आणि शांत कोपरा त्यांना कधी मिळालाच नव्हता.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"सापडलं नाव?"

"माझंच, साहेब. मी मासे मोजतच नव्हते, लाल पोटं मोजत होते. बाराही आहेत. वर अंडी आहेत, ती भाऊजींमुळे."

ती परत आली तेव्हा दीर कापड नीट करत होता. त्याने मान वळवली नाही. पायाने बादली तेवढी तिच्याकडे सरकवली.

"उघडा वहिनी. खात्री करून घ्या."

तिने झाकण काढलं नाही. बादली उचलली आणि विचारलं, "किती गार लागतं?"