तीळ कुठल्या गालावर

लोकांचे केस कापण्यात उभी हयात गेली, आणि साठी ओलांडल्यावर आमच्या यांना चित्रकला शिकायची हुक्की आली. त्याआधी बासरी झाली होती, त्याआधी घड्याळदुरुस्ती. घरातलं चांगलं चालणारं घड्याळ तेव्हापासून भिंतीवर गप्प आहे. मी म्हटलं, चला, निदान चित्राचा आवाज तरी होत नाही.

पण खरं सांगते, घरात मजा आली. जेवताना हे वाटीची सावली निरखत बसायचे आणि ताटातलं सगळं गार व्हायचं. "सावली काळी नसते गं, निळसर असते." मी "काहीतरीच!" म्हणून उडवून लावायचे आणि पाठ वळली की गुपचूप बघायचे. असायची की निळसर!

मग वर्गाचं प्रदर्शन ठरलं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला घरातल्या एका माणसाचा चेहरा काढायला सांगितला. यांनी दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आठवून आठवून माझा काढला. घरी आणला तेव्हा मी बघतच राहिले. हुबेहूब मी! पोरीसारखी हरखले.

तेवढ्यात लेक डोकावली आणि खो खो हसत सुटली. "बाबा, आईचा तीळ डाव्या गालावर आहे. तुम्ही उजव्यावर काढलाय!"

मी गाल चाचपला. डावाच. चित्र बघताना मलाही ते कळलं नव्हतं, पण माझं सोडा. यांनी इतकी वर्षं संसार केला तो कुणाकडे बघून?

"अगं, मी रोज बघतो. तिथेच असतो तो," हे गोंधळून म्हणाले.

"मग रात्री चालत जातो वाटतं दुसऱ्या गालावर!" लेक म्हणाली.

मी यांच्याशी बोलणंच टाकलं. तिळाचं एवढं काही नव्हतं. या माणसाने मला कधी नीट पाहिलंय की नाही, हेच मनाला लागून राहिलं.

चित्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचं होतं, म्हणून हे सकाळीच ते दुकानात घेऊन गेले होते. दुपारी मी तोंड फुगवूनच रोजचा डबा घेऊन दुकानात गेले. हे एकाची दाढी करत होते. नेहमीसारखेच मागे न वळता, समोरच्या आरशात बघून माझ्याकडे हसले. फेसाने माखलेल्या त्या गिऱ्हाइकाच्या शेजारी आरशात मी दिसत होते. तीळ अगदी यांनी काढला होता तिथेच!

माझा राग कुठल्या कुठे पळाला. हातात वस्तरा असलेला माणूस मान वळवणार कशी? घरी दोघंही आपापल्या कामात. निवांत चेहरा दिसायचा तो इथेच, आरशात. यांनी मला रोज पाहिलं होतं, म्हणूनच तर चित्र चुकलं होतं. आणि मीही स्वतःला आरशातच बघते, मग मला तरी कुठून कळणार!

गिऱ्हाईक गेल्यावर यांनी खोडरबर काढला. "थांब, तीळ हलवतो."

"नुसता तीळ हलवून भागायचं नाही." मी खुर्ची फिरवली आणि आरशाकडे पाठ करून बसले. "आता समोरून बघा."

हे स्टूल ओढून समोर बसले. बघत राहिले, बघतच राहिले. मला या वयात लाजायला झालं.

"अगं, तुझे डोळे तपकिरी आहेत?"

"जन्मापासून!"

"मी काळे समजत होतो." यांचा आवाज एकदम पडला. "इतकी वर्षं!"

"आज कळलं ना? मग झालं तर."

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. धंद्याच्या वेळेला कधी कुणाला ताटकळत न ठेवणारा हा माणूस, माझ्यावरची नजर न हलवता म्हणाला, "बसा जरा बाहेर. मी शिकतोय."