शून्य नंबरची डबी

ऑफिसातले आमचे आबा निवृत्त होताना मला म्हणाले होते, "थोरली रिकामी बसली म्हणजे मुकी झाली असं समजू नकोस. अधूनमधून तिच्यात डोकावत जा." मी ते हसण्यावारी नेलं. जिच्याकडे कामच नाही तिच्यात काय बघायचं, आणि रांगणारी पोर घरी ठेवून आलेल्या बाईला काळजीला आणखी एक जागा कशाला हवी, असं मी म्हणाले. आबाही हसले. विषय तिथेच मिटला.

थोरली आणि धाकटी हे आमच्या ऑफिसातले दोन सर्व्हर. आमची कंपनी एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी एक डबी देते. तळहाताएवढी, सायीच्या रंगाची, वर दोन बटणं. पांढरं रोज सकाळी दाबायचं, म्हणजे 'उठलोय, बरा आहे'. लाल दाबलं म्हणजे 'या'. बटण दाबलं की मेसेज आमच्या सर्व्हरवर येतो, सर्व्हरने तो घेतला की डबीवर हिरवा दिवा लागतो, आणि मेसेज रांगेत उभा राहतो. तिथून तो फोन करणाऱ्या मुलींच्या पडद्यावर जातो. लाल असेल तर मुलगी लगेच त्या घरी फोन लावते.

पूर्वी हा सगळा गाडा एकटी थोरली ओढायची. एकदा भर दुपारी तिने मान टाकली आणि ती उठेपर्यंत कुठल्याच घराचं काही कळेना. तेव्हा ठरलं, क्लस्टर करायचं. मी बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतले होते. काम आबांनी आणि मी मिळून केलं. दोन मशीन, दोघींत एक सामायिक डिस्क आणि दोघींना मिळून एक नाव. आबा म्हणायचे, दोघी जावा, चूल एक. चुलीपुढे एका वेळी एकीनेच बसायचं. दुसरीने दारात बसून पहिलीचा श्वास ऐकायचा, आणि तो थांबला की पदर खोचून पुढे व्हायचं. बाहेरच्याने घराच्या नावाने हाक मारायची. ओ कोणी दिली याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आधी ट्रान्झॅक्शनची सेवा मांडली, मग तिच्या आधारावर मेसेजांची रांग. हा क्रम उलटा चालत नाही, कारण रांगेचा सगळा प्रामाणिकपणा ट्रान्झॅक्शनवर उभा असतो. मेसेज रांगेतून उचलणं आणि पडद्यावर त्या घरापुढे नोंद होणं, ही दोन्ही झाली तरच झालं म्हणायचं. एक जरी अडलं तर मेसेज जसाच्या तसा परत रांगेत. मध्ये हरवणं नाही. बाळाला या हातातून त्या हातात देताना समोरच्याने नीट धरलंय हे कळेपर्यंत आपण हात सोडत नाही, तसं.

शेवटी आम्ही थोरलीची वायर उपटून बघितली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धाकटीने सगळं हाती घेतलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारा, ज्याला सगळे नारद म्हणतात, तो म्हणाला, "घरात सासू नाही म्हणून जमलं." सगळे माझ्याकडे बघून हसले. माझी मुलगी माझ्या सासूबाईंच्या जिवावरच वाढत होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर. त्यांना मी आई म्हणते. त्या नसत्या तर मी कामावर परत येऊच शकले नसते. जेवणाच्या सुट्टीनंतर मी रोज घरी फोन करायची. ठकी काय करतेय, बाथरूमचं दार लावलंय ना, बादली रिकामी आहे ना. आई म्हणायच्या, सगळं ठीक आहे. नारद म्हणायचा, आमच्या डब्यांपेक्षा हिचा फोन बरा, चुकत नाही.

तेव्हापासून काम धाकटीकडे होतं. थोरली चालू होती, श्वास घेत होती, दारात बसून होती.

थोरलीच्या स्वतःच्या डिस्कवरची जागा भरत आलीय, असा इशारा एका दुपारी माझ्या पडद्यावर आला. मला नवल वाटलं. बसून खाणारीचं पोट भरतंय कशानं? मी तिच्यात शिरले. आणि तिथे एक रांग उभी होती.

ती दोघींच्या सामायिक, घराच्या नावाची रांग नव्हती, थोरलीच्या स्वतःच्या नावाची होती. क्लस्टर केलं तरी प्रत्येक मशीनचं आपलं नाव आणि आपली छोटी रांग राहतेच. ती तिथे असते हे कळत असूनही मी तिच्यात पाहिलं नव्हतं. तिथे कोणी हाक मारली तर ती मशीन ओ देते. मेसेज घेते. हिरवा दिवा लावते. आणि रांगेत उभा करून ठेवते, कारण तिथून उचलणारं कोणी नसतं.

मेसेज पांढरे होते, लाल होते. सगळ्यांवर पाठवणाऱ्या डबीचा नंबर शून्य.

शून्य नंबर चाचणीच्या डब्यांचा. घराचं नाव ठरायच्या आधी त्या तयार झाल्या, म्हणून त्यांना हाक मारायला थोरलीचंच नाव दिलेलं होतं. त्या केव्हाच बाद झाल्या होत्या. मला वाटलं, हे त्या वेळचंच जुनं पडून असेल. मी शेवटचा मेसेज बघितला. तो त्याच सकाळचा होता.

ऑफिसात पंख्यांची घरघर चालू होती. नारद कोणाशी तरी फोनवर जोरात बोलत होता. मी ते मेसेज उचलून घराच्या रांगेत टाकायचा घाट घातला, म्हणजे निदान मुलींच्या पडद्यावर उमटतील. एक उचलला. शून्य नंबरचं घरच यादीत नाही, तर नोंद कुठे करणार? ट्रान्झॅक्शनने नकार दिला आणि मेसेज परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. दुसरा उचलला. तोही परत. आम्ही बांधलेली व्यवस्था अगदी चोख चालत होती. मी पाठवत होते आणि ते माघारी येत होते, एकेक करून, काही न बोलता.

मग मी फक्त लाल निवडून काढले. ते सगळे दुपारचे होते. शनिवारी-रविवारी एकही नव्हता. ठकीला ताप आला म्हणून मी घरी राहिले होते, त्या दिवसांतही एकही नव्हता. मी नसले की लाल. मी घरी असले की नाही.

मी बघत असतानाच रांगेच्या शेवटी एक नवा लाल येऊन उभा राहिला.

तेव्हा आठवलं. चाचणीच्या दिवसांत त्यातली एक डबी मी घरी नेली होती. आईंना म्हणाले होते, काही वाटलं तर लाल दाबा, मला कळेल. ती फडताळावर फोनशेजारी ठेवली, आणि कामाच्या धांदलीत माझ्या डोक्यातून गेली.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आईंचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरासा बसलेला. सगळं ठीक आहे, ठकी झोपलीय. त्यांच्या मागे ठकी रडत होती.

मिळेल ती गाडी पकडून घर गाठलं. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आई भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या, कपाळावर घाम. ठकीच्या कमरेला माझी जुनी ओढणी बांधलेली होती आणि ओढणीचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला. ओढणी पुरेल तेवढ्या घेरात ती रांगत होती, रडत होती, परत रांगत होती. फडताळावर हिरवा दिवा लागलेला होता.

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. आईंनीच सांगितलं, सुटीसुटी वाक्यं जोडत. दुपारी कधीकधी डोळ्यांपुढे अंधार येतो. येण्याआधी कळतं, कानात घंटेसारखं वाजायला लागतं. तेवढ्यात पोरीला बांधून टाकायचं, म्हणजे आपण पडलो तरी ती बाथरूमकडे किंवा जिन्याकडे जायला नको. मग लाल बटण.

"दिवा लागायचा हिरवा. मग थोड्या वेळाने तुझा फोन यायचा, सगळं ठीक ना म्हणून. मला वाटायचं, तुला कळलंय."

"आई, मला काहीच कळत नव्हतं. मी तर रोजच करते फोन."

"तू बटणाचं नाव काढायची नाहीस. म्हटलं, मला ओशाळं वाटू नये म्हणून काढत नसेल. मग मी तरी कशाला काढू? नोकरी सोडून बसली असतीस."

मी ठकीला सोडवलं. कमरेवर वळ उठला नव्हता, गाठ इतकी बेताने मारलेली होती. आईंना त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय मध्येच ठोका चुकवतंय, पेसमेकर लागेल. तो बसवला. आता त्या नणंदेकडे आहेत, भाजी निवडतात, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. ठकी दिवसा पाळणाघरात असते आणि मी तिथे इतके फोन करते की बाई वैतागल्यात.

दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले असताना मी विचारलं, आई, लालचं कळलं, पण रोज सकाळी पांढरं का दाबत होतात? आणि सुट्टीच्या दिवशीही?

त्या म्हणाल्या, "पांढरं मी कधीच दाबलं नाही गं. बरी असताना कशाला दाबू?"

डबी मी घरून आणली, तिची बॅटरी काढली आणि ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या रांगेत पांढरा मेसेज आला. नंबर शून्य. त्यानंतरही रोज.

आबांना फोन केला. ते म्हणाले, चाचणीला त्या बऱ्याच केल्या होत्या. बसवणाऱ्या पोरांनी काही ठिकाणी तशाच देऊन टाकल्या असतील, ठेवा, चालतेय म्हणून. मी पोरांना विचारलं. कुठे दिल्या ते त्यांना आता आठवत नाही, आणि त्यातली अर्धी पोरं नोकरी सोडून गेलीत. त्यांत घातलेली सिमकार्डं कोणाच्या नावावर होती तेही सापडत नाही. मी सिमवाल्यांकडे अर्ज केलाय, पण ते नियमावर बोट ठेवतात. डबीला इकडून फोन करता येत नाही. ती बोलते, ऐकत नाही.

म्हणजे कुठेतरी एक माणूस रोज सकाळी उठतो, पांढरं दाबतो, हिरवा दिवा बघतो आणि समजतो की कोणीतरी आपली दखल घेतंय. मी रोज ऑफिसात शिरल्याबरोबर, पर्स खांद्यावरून काढायच्या आधी, थोरलीची रांग उघडते. पांढरा असला की मला घास गोड लागतो. ओळख ना देख, पण त्या माणसाचं उठणं माझ्या सकाळीला जोडलं गेलंय. त्या दुपारी मी नुसते लाल निवडत बसले आणि पांढरे डोळ्यांसमोर असून त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही.

काल सकाळी पांढरा आला नाही. दुपारी लाल आला, लगोलग दोनदा. आज काहीच नाही.

म्हणून हे लिहितेय. तुमचे आजोबा, मावशी, वरच्या मजल्यावरचे मास्तर, कोपऱ्यावरच्या घरातली एकटी बाई, कोणाकडे अशी सायीच्या रंगाची डबी पाहिली असेल, तिच्या खालच्या चिकटपट्टीवर नंबराच्या जागी नुसती शून्यं असतील, तर आमच्या ऑफिसला कळवत बसू नका. फोनही करू नका, फोनवर सगळे ठीकच म्हणतात. उठा आणि त्यांच्या दाराशी जा. दार वाजवा, आणि आतून ओ आली नाही तर तिथून हलू नका.