डाव्या डोळ्याच्या उंचीवर

मला रांजणवाडी आली त्याच सकाळी आमच्या न्हाणीच्या दाराला भोक पडलं. बरोबर माझ्या डाव्या डोळ्याच्या उंचीवर. रांजणवाडीही डाव्याच पापणीला होती. खाली फरशीवर लाकडाचा ताजा भुसा सांडला होता. आत भावजय अंघोळ करत होती. मी केरसुणी आणून भुसा झाडायला लागले, कारण दारापाशी नुसतं उभं असण्यापेक्षा ते बरं दिसेल असं मला वाटलं.

ते बरं दिसलं नाही. प्राजक्ता, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. तिने आधी माझ्या सुजलेल्या पापणीकडे पाहिलं, मग भोकाकडे.

"वन्सं, हे कधी पडलं?"

"आत्ताच."

"बरं," ती म्हणाली आणि बाळाकडे निघून गेली.

आमच्याकडे म्हणतात, बघू नये ते बघितलं की रांजणवाडी येते. लहानपणी कुणाच्या डोळ्याला आली की आम्ही पोरी त्याला गल्लीभर चिडवायचो. आईने मात्र चिडवलं नाही. ती माझी हनुवटी धरून बराच वेळ डोळ्यात बघत राहिली.

"काय बघितलंस गं?"

"काही नाही."

"मग झालं. कर नाही त्याला डर कशाला?" असं म्हणून तिने न्हाणीच्या दाराला आतून जाड चादर टांगली.

मी खरंच काही बघितलं नव्हतं. तरीही मला लाज वाटली, आणि ती दिवसभर उतरली नाही.

मी ब्लाउज शिवते. कऱ्हाडात आमच्या पेठेत माझ्या हाताला नाव आहे. पुढच्या खोलीत मशीन, आणि कोपऱ्यात बायकांना ब्लाउज घालून बघायला पडदा. दुसऱ्या दिवशी त्या पडद्याला भोक पडलं. कडेने काज केल्यासारखं सुबक शिवलेलं. इतके बारीक टाके पेठेत फक्त मीच घालते, हे कुणीही ओळखलं असतं. पलीकडच्या आळीतल्या मोहितेबाईंनी ते ओळखलं. पडद्याआडून बाहेर येऊन त्यांनी न शिवलेलं कापड घडी घालून पिशवीत टाकलं.

"बघू नंतर," त्या म्हणाल्या.

मी ते भोक रफू केलं. दोरा तोडला, तशी शेजारी दुसरी दोन पडली.

मग मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या वयस्कर बाई होत्या. त्यांनी बॅटरी मारून पापणी उलटी करून पाहिली.

"पापणीच्या कडेच्या ग्रंथीत जंतू गेलेत. काही घाबरायचं नाही. स्वच्छ फडकं गरम पाण्यात भिजवून शेका, दिवसातून तीन-चारदा. आठवड्याभरात बसेल. नाही बसली, सूज वाढली किंवा दिसायला त्रास झाला, तर या परत. दाबून फोडू नका. काजळ लावू नका. हात धुवा, पंचा वेगळा ठेवा."

"आई लवंग उगाळून लाव म्हणते."

"नका लावू. डोळ्याची आग होईल."

"आणि बघू नये ते बघितलं म्हणून येते, ते?"

"बघून येत नाही. बोटाने येते."

मी उठले. त्यांच्या खोलीच्या दाराला तोपर्यंत भोक पडलं होतं. मी त्याकडे बोट दाखवलं.

"त्यांना हात लावू नका," डॉक्टर म्हणाल्या. "झाकली की पसरतात."

घरी येऊन मी शेक घ्यायला लागले. पाण्याची वाफ यायची, पापणी सैल व्हायची, आणि त्या वेळात एकही भोक पडायचं नाही. चार दिवस असेच नीट गेले असते तर बरं झालं असतं. पण रविवारी बारसं होतं.

प्राजक्ताला माहेर उरलं नव्हतं म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं, आणि बारसंही आमच्याच घरी. नाव आत्याने ठेवायचं. आत्या मी. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. दहाजणींसमोर पाळण्यात वाकून एखाद्या जिवाला नाव द्यायची माझ्यावर आयुष्यात ही एकच वेळ येणार होती. त्या नावासाठी मी महिनाभर जीव पाखडला होता.

आदल्या संध्याकाळी संग्राम, माझा भाऊ, मशीनपाशी आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, उद्या सगळे तुझ्याकडंच बघणार. तेवढं डोळ्याचं कायतरी कर. न्हाईतर नाव प्राजक्ताच्या मावशी ठेवतील म्हणं."

"मावशी कशी ठेवेल? आत्या जिवंत आहे."

"म्हणून तर म्हणतोय."

रविवारी सकाळी मी आरशासमोर बसले. आईने बाळासाठी एरंडेलाच्या दिव्यावर काशाची वाटी धरून काजळ पाडलं होतं. ते चांदीच्या डबीत भरून देवापुढे ठेवलं होतं. मी आधी रांजणवाडी दाबली. फुटली. मग करंगळी डबीत घातली आणि पापणीवरून जाड रेघ ओढली. नीट झाकली नाही म्हणून तीच करंगळी परत डबीत घातली, परत ओढली. आरशात मी चांगली दिसत होते. मला फार बरं वाटलं. आरशाच्या काचेलाही भोक पडलं, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही.

बायका जमल्या. पाळणा सजला. घुगऱ्यांचा वास सुटला. आईने डबी माझ्या हातात दिली.

"चल, आधी त्याच्या डोळ्यांत काजळ घाल. मग नाव ठेव."

बाळ जागं होतं. त्याचे डोळे नुकतेच धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ होते. मी करंगळी डबीत बुडवून वर काढली आणि तेव्हा मला डॉक्टर आठवल्या. मी तशीच वळले, कोठीच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

बाहेर कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

"वन्सं, काय झालं?" प्राजक्ता दाराशी होती.

"काही नाही. आले."

"डबी तरी खालून सरकवा. मी घालते काजळ, म्हणजे उशीर नको."

सांडलं म्हणावं, असं मनात आलं. तोंड उघडलंही. कोठी माझ्यामागे लहान होत चालली होती. धान्याचे पत्र्याचे डबे पाठीला टेकले आणि मला दाराकडे ढकलू लागले.

"त्याला काजळ घालू नका," मी म्हणाले. "डबीत मी बोट घातलंय. डोळ्याला लावलेलं. सकाळी. झाकायला."

एवढ्या शरमेने माणूस मरत कसं नाही, याचंच मला नवल वाटलं.

मग दारातून भुसा गळायला लागला. एक भोक पडलं, मग दुसरं, मग एकदम बरीच. ह्या वेळी एकही माझ्या उंचीवर नव्हतं. वरचं संग्रामच्या उंचीचं होतं, कमरेत वाकलेल्या आईचं खाली, मोहितेबाईंचं मध्ये. एकेका भोकाला एकेक डोळा लागला.

"बघू नका," मी म्हणाले. "उद्या तुमच्या डोळ्याला येईल."

कुणीही हललं नाही. डबे आणखी पुढे सरकले. माझं कपाळ दाराला टेकलं, आणि दोन्ही बाजूंचे डोळे इतके जवळ आले की ते कुणाकुणाचे हे कळेना.

"नाव तरी सांग," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी तू हवी होतीस."

महिनाभर जपलेलं नाव ओठांवर होतं. तेवढ्यात दाराला काहीतरी हलकेच आपटलं. पाळणा होता. कुणीतरी तो दारापर्यंत ओढत आणला होता, आणि तो झुलत झुलत दाराला लागत होता. माझ्या गुडघ्यापाशी भुशाची चिमूट पडली. तिथे एक भोक उघडलं, सगळ्यांत लहान, करंगळी जाईल एवढंच.

एवढ्या एकाने तरी मला असं बघू नये, असं मला वाटलं. मी घाईने खाली वाकले आणि ते बोटाने झाकलं.

बोटाखाली मऊ पापण्या दोनदा फडफडल्या आणि मिटल्या. मग मी पाहिलं, ते कोणतं बोट होतं.