वाफा कुणाचा

“वर ये!” भागोजी बांधावरून गरजला. “माज्या वाफ्यात पाय घालायला तुला कुनी सांगितलं?”

राहीने मान वर केली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पावलाला पाऊल लावून चिखल तुडवत होती.

अठ्ठावीस सालची दिवाळी झाली, उरणच्या मिठागरात तुडवणी सुरू झाली, आणि नेमकी तेव्हाच बांधावरून घसरून भागोजीची डावी पोटरी फाटली. वैदूने लेप बांधून बजावलं, महिनाभर पाय टेकायचा नाही. महिना! वाफ्याचा तळ तुडवून घट्ट केला नाही तर मिठात चिखल येतो. आणि इथला रिवाज असा, की तळ जो तुडवेल त्याचाच तो वाफा वर्षभर. बारा वर्षं हा वाफा भागोजीचा होता. पोटरीला काय जातंय फाटायला! नवव्या दिवशी काठी टेकत, तणतणत तो आला, तर वाफ्यात बायको. लाकडं आणायला जाते म्हणून रोज घरून निघायची ती इथे.

“मुकादम वाफा दुसऱ्याला देनार व्हता,” राही म्हणाली. “मी काय बगत बसू?”

“बाईमानसानं मीठ डोईवर वाहायचं. तुडवायचं न्हाय.”

“मंग तुडवा तुमी.”

हे त्याला फार झोंबलं. काठी फेकून तो खाली उतरला. चौथ्या पावलाला पोटरीत तटकन काही तुटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि गडी चिखलात आडवा. राहीने हात दिला, तो त्याने झिडकारला आणि रांगत बांध गाठला. रडू येत होतं, पण दुखण्याने नव्हे, संतापाने. पायाला शिव्या, वैदूला शिव्या, त्या मेल्या बांधाला शिव्या. राही पुन्हा तुडवायला लागली.

“टाच दाब, टाच!” तो खेकसला. “चवड्यावर काय नाचतीस?”

ती टाच दाबू लागली. दुपारभर तो खेकसत राहिला आणि ती ऐकत राहिली.

उन्हं कलताना काळूराम मुकादम आला. त्याने तळात अंगठा दाबून पाहिला. रुतला नाही.

“झ्याक हाय,” तो म्हणाला. “भागोजी, वाफा तुज्याच नावावर लावू ना?”

राही पाठ करून पायांचा चिखल धूत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची त्यांच्यात रीत नव्हती. भागोजीने दात आवळले.

“राहीचा हाय!” तो मुकादमावरच ओरडला.