पप्पांनी झुकवलेली सीट

मी एक जुनी सीट आहे. खुर्चीची नाही, बसचीही नाही, सायकलची! काळी, पुढून चोचीसारखी निमुळती, मागून पसरट. एका कोपऱ्यात फाटलेय, तिथून पिवळा स्पंज डोकावतो. हसू नका, मित्रांनो! तुमच्या दप्तराचीही चेन तुटलेली असतेच की.

माझं दुःख आधीच सांगून टाकते. जी रोज माझ्यावर बसते, तिचा चेहरा मला दिसत नाही. हँडलला तिचे हात मिळतात, पॅडलला पाय, घंटीला अंगठा. माझ्या वाट्याला फक्त पाठ. बोलावं तरी कुणाशी?

नांदेडच्या एका दुकानातून शेषेरावांनी आमची सायकल घेतली, त्यांच्या लेकीसाठी, साक्षीसाठी. साक्षी तेव्हा सहावीत होती आणि शाळा नायगावला, गावापासून लांब. पोरगी इतकी नाचत होती की दुकानदार म्हणाला, "आधी सायकल तरी घरी जाऊ दे गं!"

पण घरी आल्यावर पंचाईत झाली. मला खाली करून करून पार नळीला टेकवलं, तरी साक्षीचे पाय जमिनीला पोचेनात. मग शेषेराव पाना घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या पोटाखालचे नट सैल केले, माझी चोच खाली झुकवली आणि नट गच्च आवळले. आता साक्षी जरा पुढं घसरली की पाय टेकत होता.

"आता पड म्हटलं तरी पडायची न्हाईस, माय," ते म्हणाले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता. मी इतक्या जवळून पाहिलेला तो पहिला चेहरा.

थोड्याच दिवसांत ते किनवटला गेले, वसतिगृहात स्वयंपाकी म्हणून. आता दिवाळीला येतात, नाहीतर उन्हाळ्यात.

सुरुवातीची वर्षं काय झकास होती! सोयाबीनच्या शेतांमधून साक्षी आणि तिची मैत्रीण विशाखा शर्यत लावायच्या. पण साक्षी ज्वारीच्या ताटासारखी उंच होत गेली आणि माझी चोच मात्र खालीच राहिली. ती सारखी पुढं घसरायची. अंगाचा सगळा भार तळहातांवर. शाळेत पोचेपर्यंत बोटं बधिर! पहिल्याच तासाला सर वही बघून म्हणायचे, "हे कोंबडीनं लिहिलंय का?" वाटेत विशाखा आधी थांबायची, नंतर नुसती हळू व्हायची. पुढं पुढं तेही बंद झालं. आम्ही दोघीच मागं.

एकदा पंक्चर काढताना दुकानातले सिद्रामप्पा म्हणाले, "सीट लई झुकली की, बाई. सरळ करू का?"

"हात लावायचा न्हाई!" साक्षी ओरडली. "पप्पांनी लावलीय ती."

"बरं माय, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हणत त्यांनी पाना खाली ठेवला. दुखतंय कशानं, ते मला ठाऊक होतं. पण सीटला तोंड कुठं असतं?

शेवटी साक्षी बसनं जाऊ लागली. मी गोठ्याच्या भिंतीला. अंगावर धूळ, धुळीवर कोंबड्या. सगळ्यांच्या पाठीच, चेहरा एकीचाही नाही. एके दिवशी तिची मम्मी म्हणाली, "नुसती सडून राहिली. मामाच्या सत्यमला देऊन टाकू." साक्षीनं दप्तर उचललं आणि बस गाठायला पळाली. मला वाटलं, संपलं आपलं.

त्या रविवारी साक्षी गोठ्यासमोर अंगणात असताना पप्पांचा व्हिडिओ कॉल आला.

"सायकल कशी हाय?"

"लई भारी!"

"कुठली भारी?" मम्मीनं फोन ओढला. "कोंबड्या चालवून राहिल्या तिला!"

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. सीट, बोटं, कोंबडीचं अक्षर.

"अन् मला कामून न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही लावली होती ना. तशीच ठेवायची होती मला."

पप्पांच्या मागं कुणीतरी पातेली घासत होतं.

"अगं माय, ती मी सहावीतल्या पोरीसाठी लावली होती. तू उभी ऱ्हा बरं जरा."

ती उभी राहिली आणि तिचं डोकं फोनच्या बाहेर गेलं. पप्पा हसले, मग खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. "आण पाना. मी सांगतो तसं कर."

आणि मित्रांनो, साक्षी माझ्यासमोर उकिडवी बसली! मला चार बोटं वर काढलं. नट सैल केले. माझ्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवली. ती आधी पुढं घरंगळली, मग मागं. चोच उचल, जरा दाब, पुन्हा उचल. शेवटी बाटली जागच्या जागी राहिली. नट आवळताना साक्षीनं ओठ दातांखाली दाबला, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला. थेट पप्पांसारखा.

तर मित्रांनो, वाढता ना तुम्ही? मग सायकल काढण्याआधी अधूनमधून आमच्यासमोरही बसत जा. आणि मायेनं केलेलं काही आता टोचत असेल, तर ज्यानं केलं त्यालाच सांगा. तो रागवत नाही, तोच पाना आणायला सांगतो.

आता रोज सकाळी साक्षी विशाखाला गाठते. मला पुन्हा पाठच दिसते. दिसू दे. चेहरा कसा आहे, ते मला ठाऊक आहे.